सीतेची आसवं: रंग सोडा, फूल बाजूनं बघा

सप्टेंबरात कासच्या पठारावर जाऊन आलेल्या जवळपास प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये सीतेच्या आसवांचा एखादा तरी फोटो असतो. असे फोटो मला दरवर्षी येतात, सोबत एकच प्रश्न असतो: "ही सीतेची आसवंच ना?" बहुतेक वेळा उत्तर 'हो' असतं. पण पुढे कुणी "म्हणजे नेमकी कोणती?" असं विचारलं की मला गप्प बसावं लागतं. कारण फोटो उभ्यानं, वरून काढलेला असतो. निळा-जांभळा गालिचा त्यात सुरेख दिसतो, पण हे फूल ज्या खुणांवरून ओळखायचं त्या सगळ्या फुलाच्या पाठीमागे, देठावर आणि चिखलात असतात.

म्हणून हा लेख. सीतेची आसवं हे एक फूल नाही, ते एक मोठं घराणं आहे, आणि ते घराणं ओळखायला रंग जवळजवळ निरुपयोगी आहे. पहिली काही वर्षं मीही पठारावरच्या प्रत्येक इवल्या निळ्या फुलाला हेच नाव देत होतो. पुढे एका पावसाळ्यात ओल्या कातळावर आडवं पडून एक फूल बाजूनं बघितलं, तेव्हा त्याच्या मागे लोंबणारी ती बारीक शेपटी पहिल्यांदा दिसली. तेव्हापासून आधी बाजू बघायची आणि मग रंग, ही सवय लागली.

आडनाव आधी, नाव नंतर

वनस्पतींची शास्त्रीय नावं आपल्या मतदार यादीसारखी असतात. आधी आडनाव, मग नाव. सीतेच्या आसवांचं आडनाव युट्रिक्युलॅरिया. कासवर गालिचे घालणारी निळी-जांभळी फुलं म्हणजे युट्रिक्युलॅरिया पुर्प्युरासेन्स. आडनावाला मराठीत प्रजाती म्हणतात आणि पूर्ण नावाला जाती. लेखातला मोठा भाग आडनाव ओळखण्याबद्दल आहे, कारण ते एकदा पक्कं जमलं की पुढचं अर्धं काम झालेलं असतं.

युट्रिक्युलॅरिया हे नाव लिनियसनं १७५३ मध्ये दिलं. लॅटिनमध्ये 'युट्रिक्युलस' म्हणजे कातड्याची छोटी पिशवी. आपल्याकडे पाणी वाहायला पखाल असायची, तिचं बाळ म्हणा हवं तर. हे नाव फुलावरून पडलेलं नाही, झाडाच्या पाण्यात किंवा चिखलात दडलेल्या भागावरून पडलेलं आहे. त्या पखालींकडे पुढे सविस्तर येतो, कारण खरी गंमत तिथेच आहे.

मराठी नाव मात्र फुलावरून आणि फुलाच्या जागेवरून आलं असावं. वनवासात सीतेची आसवं जिथे पडली तिथे ही फुलं उमलली, असं सांगतात. थेंबाएवढं फूल, पाणी झिरपणारी जागा आणि पावसाळा. नाव देणाऱ्यानं नीट बघूनच दिलं आहे.

जगात या प्रजातीच्या दोनशेहून जास्त जाती आहेत. कीटकभक्षी वनस्पतींमध्ये एवढी मोठी प्रजाती दुसरी नाही. लंडनच्या क्यू वनस्पती उद्यानातले पीटर टेलर यांनी १९८९ मध्ये जगभरच्या जातींचा आढावा घेतला तेव्हा त्यांनी २१४ जाती मान्य केल्या होत्या. भारतातल्या जातींवर एम. के. जनार्थनम आणि ए. एन. हेन्री यांचं काम १९९२ मध्ये आलं. आपल्या सह्याद्रीतही अजून नव्या जाती सापडतात. २००० मध्ये कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठातले डॉ. एस. आर. यादव आणि सहकाऱ्यांनी महाराष्ट्रातून एका नव्या जातीचं वर्णन केलं आणि तिला जनार्थनम यांचंच नाव दिलं.

कुठे शोधायची

जागा ही स्वतःच एक खूण आहे. जांभ्याचे सडे, बसाल्टची पठारं, जिथे कातळावर वीतभरसुद्धा माती नाही आणि पावसाळाभर पाणी साचून किंवा झिरपत राहतं, तिथे ही फुलं येतात. कास, चाळकेवाडी, पन्हाळ्याजवळचं मसाई पठार, आंबोली, रत्नागिरी-राजापूरकडचे सडे, खाली गोव्यातली पठारं. कोकणात भातखाचरांच्या बांधावर आणि खाचरातल्या साचलेल्या पाण्यातही दिसतात.

असल्या जागी मातीत नत्र आणि स्फुरद फार कमी असतं. धो धो पावसात जे काही असेल तेही वाहून जातं. इतर झाडं ज्यावर वाढतात ते इथे मिळत नाही, म्हणून या झाडांनी ते दुसरीकडून मिळवायची सोय केली आहे. म्हणूनच सीतेच्या आसवांजवळ दवबिंदू नावाची दुसरी कीटकभक्षी वनस्पतीही अनेकदा सापडते. तिची पानं चिकट थेंबांनी चमकतात, ती ओळखायला सोपी. दोघी शेजारीण असल्या तरी नात्यातल्या नाहीत, परिस्थिती सारखी म्हणून सवय सारखी.

आता गुडघे टेका

सीतेची आसवं ओळखायची तर उभ्यानं होत नाही. गुडघे टेकायला लागतात, बऱ्याचदा पोटावर झोपायला लागतं. सोबत दहापट मोठं दाखवणारं छोटं भिंग असेल तर फार उत्तम. सराफाकडे असतं तसलं कुठलंही चालतं.

पहिल्यांदा दांड्याकडे बघा. जमिनीतून एक तारेसारखा बारीक दांडा थेट वर आलेला दिसेल आणि त्याच्या टोकाकडे एक-दोन किंवा पाच-सहा फुलं असतील. दांड्यावर नीट दिसणारं एकही हिरवं पान नसतं. पानं असतात, पण ती दांड्यावर नसून चिखलाच्या पृष्ठभागावर, जिभेसारखी अरुंद आणि काही मिलिमीटरची असतात, आणि फूल यायच्या वेळेपर्यंत बऱ्याच जातींत ती सुकूनही जातात. त्यामुळे बघणाऱ्याला वाटतं, की चिखलातून नुसतं फूलच उगवलंय. हे वाटणं म्हणजे अर्धी ओळख. पठारावर दिसलेल्या निळ्या फुलाच्या दांड्यावर समोरासमोर पानं असतील तर दुसरं काहीतरी आहे असं समजून पुढे जा.

मग फूल समोरून बघा. पाकळ्या सुट्या नसतात, त्या मिळून दोन ओठ झालेले असतात. वरचा ओठ लहान, उभा. खालचा मोठा, झालरीसारखा पसरलेला. खालच्या ओठाच्या मुळाशी एक फुगीर उंचवटा असतो, तो घशाचं दार जवळजवळ बंद करतो. या उंचवट्यावर बहुतेक वेळा पांढरी किंवा पिवळी खूण असते. माशीला किंवा मधमाशीला 'इथे उतर' असं सांगणारी ती खूण.

आणि आता बाजूनं. खालच्या ओठाच्या मागून एक पोकळ नळी निघालेली दिसेल, टोकाला निमुळती, कधी सरळ खाली, कधी पुढे वळलेली. हिला मराठी वनस्पतिशास्त्रात शुंडिका म्हणतात, म्हणजे छोटी सोंड. मध असलाच तर तो या नळीत असतो आणि कीटकाला तिथवर जीभ घालावी लागते. वरून काढलेल्या फोटोत ही नळी कधीच येत नाही, आणि जात ठरवताना तिची लांबी आणि वळण हेच तर हवं असतं.

याच बाजूनं फुलाच्या पाठीशी असलेली हिरवट निदलंही दिसतात. बहुतेक फुलांत ती चार किंवा पाच असतात. सीतेच्या आसवांत, निदान आपल्याकडच्या सगळ्या जातींत, ती फक्त दोन असतात. एक वर, एक खाली, शिंपल्याच्या दोन झाकणांसारखी. ही खूण मला सगळ्यांत भरवशाची वाटते, कारण ती फुलाच्या रंगावर, वयावर, पावसावर अवलंबून नाही. फूल गळून गेल्यावरही ती तशीच राहते.

भिंगातून घशात डोकावलंत तर वरच्या ओठाच्या आडोशाला दोनच पुंकेसर दिसतील. ही शेवटची खात्री. पण त्यासाठी फूल फाडावं लागतं, आणि ते करायची गरज शंभरात एखाद्या वेळी पडते. दांड्यावर पान नाही, दोन ओठ, मागे नळी, पाठीशी दोन निदलं, एवढं जुळलं तर आडनाव पक्कं.

कुणाशी गल्लत होते

मागे नळी असलेली इतरही फुलं याच पठारांवर असतात आणि नवख्याची गल्लत तिथेच होते. कासवरचा गुलाबी तेरडा बघा. त्यालाही सोंड आहे. पण तेरड्याला खोड आहे, खोडावर पानं आहेत, आणि त्याची सोंड पाकळीतून निघत नाही, रंगीत झालेल्या निदलातून निघते. पिकलेल्या फळाला बोट लावलं की ते फटकन फुटतं, हे तर लहानपणी सगळ्यांनीच केलेलं असतं. सीतेच्या आसवांचं फळ म्हणजे दोन निदलांत बसलेलं गोलसर बारीक बोंड, ते असं उडत नाही.

जमिनीवरच्या आमरींनाही, म्हणजे ऑर्किडांनाही, लांब नळी असते. तिथे फुलाच्या मागे, देठासारखा दिसणारा जो हिरवा जाड भाग असतो तो खरं तर बीजकोश असतो, आणि पानं गवतासारखी समांतर शिरांची असतात. आमरीचं फूल हातात न घेताही तिचा बांधा वेगळा आहे हे जाणवतं.

खरी फसगत करतात त्या लिंडर्नियाच्या जाती. तीही इवली, निळसर, दोन ओठांची फुलं, तीही ओल्या बांधांवर. पण तिथे खोडावर समोरासमोर पानं आहेत, निदलं पाच भागांची आहेत आणि मागे नळी अजिबात नाही. बाजूनं एक नजर टाकली की प्रश्न मिटतो. आभाळीसारख्या निळ्या फुलांचा प्रश्न त्याहून सोपा, कारण त्यांच्या पाकळ्या तीन असतात आणि ओठ नसतातच.

पिवळ्या फुलांत कवल्याशी घोळ होतो, पण तो दुरूनच. कवला म्हणजे पर्यटक ज्याला मिकी माउस म्हणतात ते फूल. त्याची ठेवण वाटाण्याच्या फुलासारखी असते आणि पानांना बारीक दलं असतात. सीतेची आसवं पिवळीही असतात हे अनेकांना माहीत नसतं, त्यामुळे पिवळं दिसलं की ते बघायचंच सोडून देतात. रंगावर भरवसा ठेवल्यानं होणारं नुकसान ते हे. पांढरी, फिकट गुलाबी, गर्द जांभळी, पिवळी, सगळी या घराण्यात आहेत, आणि एकाच जातीच्या एकाच घोळक्यात गर्द जांभळ्याशेजारी जवळजवळ पांढरं फूलही उभं असू शकतं.

चिखलातल्या पखाली

आता जे दिसत नाही त्याबद्दल. सीतेच्या आसवांना मुळं नसतात. मातीखाली किंवा पाण्यात पांढुरके बारीक धागे पसरलेले असतात आणि त्या धाग्यांना, पानांनाही, टाचणीच्या टोकाएवढे फुगे लागलेले असतात. हे फुगे म्हणजे सापळे. जमिनीवरच्या आपल्या जातींमध्ये ते जेमतेम मिलिमीटरभर किंवा त्याहूनही लहान असतात.

सापळा चालतो कसा हे समजलं तेव्हा मी बराच वेळ नुसता बसून होतो. फुग्याला एक तोंड आणि तोंडाला आतल्या बाजूला उघडणारं एक दार असतं. दार बंद असताना फुग्याची भिंत आतलं पाणी सतत बाहेर टाकत राहते. त्यामुळे आतला दाब कमी होतो आणि फुग्याच्या दोन्ही बाजू आत ओढल्या जातात. रबराचा ड्रॉपर पिळून धरावा तशी ही स्थिती. दारावर काही ताठ केस असतात. पाण्यातला एखादा सूक्ष्म जीव पोहताना केसाला लागला की दार आत दबतं, फुगा एकदम फुलतो आणि पाण्याबरोबर तो जीवही आत ओढला जातो. दार लगेच मिटतं. जीव आत ओढला जाणं सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी वेळात होतं. वनस्पतींच्या जगात याच्याइतकी वेगवान हालचाल फार थोडी आहे. मग फुगा पुन्हा पाणी उपसायला लागतो आणि पाव ते अर्ध्या तासात सापळा परत तयार. आत अडकलेल्याचं पाचकरसांनी पचन होतं आणि त्यातलं नत्र-स्फुरद झाडाला मिळतं.

चार्ल्स डार्विननं १८७५ मध्ये या फुग्यांचं बारकाईनं वर्णन केलं, पण त्याला वाटलं की प्राणी स्वतःच दार ढकलून आत घुसतात. आत ओढून घेणारा दाब त्याच्या नजरेतून सुटला. ज्यानं वेली आणि दवबिंदूंवर वर्षानुवर्षं काम केलं त्याच्याही डोळ्यांना ही हालचाल दिसली नाही, इतकी ती वेगवान आहे.

जमिनीवरच्या जातींचे सापळे बघायचे तर झाड उपटावं लागेल, आणि ते करू नका. पठारावरची बहुतेक आसवं एका पावसाळ्याची असतात. उपटलेल्या झाडाचं बी खाली पडत नाही आणि पुढच्या वर्षी ती जागा रिकामी राहते. सापळा बघायचा असेल तर तळ्यातली, पाण्यात तरंगणारी जात शोधा. स्वच्छ काचेच्या ग्लासात तळ्याचंच पाणी घेऊन त्यात एक फांदी अलगद सोडा आणि ग्लास उजेडासमोर धरा. पिसासारख्या चिरलेल्या पानांना लागलेले फुगे स्पष्ट दिसतात. जे फुगे काळपट दिसतात त्यांच्या पोटात काहीतरी आहे. फांदी पाण्याबाहेर उचलताना कान जवळ नेलात तर कधी कधी बारीक तडतड ऐकू येते. फुगे पाण्याऐवजी हवा ओढत असतात, त्याचा तो आवाज. बघून झालं की फांदी त्याच तळ्यात परत सोडा.

घराण्यातली काही माणसं

आडनाव ठरलं की जातीकडे जायला दोन-तीन वाटा आहेत. पहिली वाट म्हणजे झाड कुठे उभं आहे. पाण्यावर तरंगतंय का? मग फूल बहुतेक पिवळं असेल. फुलाच्या दांड्याला मध्येच चक्रासारखे फुगीर तरंगे लागलेले असतील, जणू दांड्याला कुणी पोहायचं टायर घातलंय, तर ती युट्रिक्युलॅरिया स्टेलॅरिस. स्टेला म्हणजे तारा, ते चक्र वरून ताऱ्यासारखं दिसतं. तसं चक्र नसेल आणि झाड भरघोस, पिसासारख्या पानांचं असेल तर युट्रिक्युलॅरिया ऑरिया असण्याची शक्यता मोठी. आणि दोऱ्यांचा गुंता झाल्यासारखी बारीक चटई पाण्याच्या कडेला दिसली, तिच्यावर एक-दोन छोटी पिवळी फुलं, तर युट्रिक्युलॅरिया गिब्बा. या गिब्बाबद्दल एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. २०१३ मध्ये तिचा पूर्ण जनुकीय आराखडा वाचला गेला तेव्हा तो सुमारे ८.२ कोटी अक्षरांचा निघाला. माणसाचा तीनशे कोटींच्या वर आहे. पण गिब्बाकडे जनुकं मात्र सुमारे २८,५०० आहेत, म्हणजे माणसाहून कमी नाहीत. बाकीची झाडं जो पसारा वर्षानुवर्षं सांभाळत बसतात तो तिनं टाकून दिला आहे.

झाड ओल्या कातळाच्या उभ्या भिंतीवर किंवा शेवाळलेल्या बुंध्यावर असेल, पांढरं किंवा किंचित जांभळट, घशाशी पिवळा ठिपका, खालचा ओठ पंख्यासारखा पसरलेला आणि वरचा ओठ इतका लहान की शोधावा लागतो, तर ती युट्रिक्युलॅरिया स्ट्रायाटुला. इथे पानं दिसतात, गोलसर चमच्यासारखी, कातळाला चिकटलेली. घाटातल्या धबधब्यांच्या कडेला पावसाळ्यात ती हमखास भेटते आणि हजारो माणसं तिच्या शेजारी उभी राहून धबधब्याचा फोटो काढतात. तिच्या फुलाच्या देठाशी असलेला इवला छद, म्हणजे पानासारखा बारीक खवला, भिंगातून बघा. बहुतेक जातींत छद बुडाशी चिकटलेला असतो, इथे तो मधोमध चिकटलेला आणि दोन्ही टोकं मोकळी असतात. जात ठरवणारे अभ्यासक या कणाएवढ्या छदाला फुलाच्या रंगापेक्षा जास्त मान देतात, आणि ते बरोबरच आहे.

जमिनीवरच्या जातींत दांडा सरळ उभा आहे की शेजारच्या गवताला वेढे घेत वर गेलाय हे आधी बघा. निळं, मोठंसं फूल, खालच्या ओठावर गर्द शिरांची जाळी आणि दांडा गवताला गुंडाळलेला, तर ती युट्रिक्युलॅरिया रेटिक्युलाटा. रेटिक्युलाटा म्हणजे जाळीदार. केरळात हिला काक्कापूवु म्हणतात आणि ओणमच्या पूक्कळममध्ये, फुलांच्या रांगोळीत, तिला मान असतो. वेढे घेणारी पण पिवळी असेल तर युट्रिक्युलॅरिया स्कँडेन्सचा विचार करा. सरळ उभी, पिवळी, आणि फळ धरल्यावर देठ खाली वाकलेले, दोन निदलं मोठी होऊन बोंडाला कवेत घेतलेली, तर बायफिडा. आणि घोळक्यानं सरळ उभी, निळी-जांभळी, घशाशी पांढरट खूण, पठारभर पसरलेली, ती आपली कासची पुर्प्युरासेन्स. एकाच फुलात पांढरा आणि निळा असे दोन ठळक रंग वाटून घेतलेले दिसले तर अल्बोसेरुलियाचं नाव मनात आणा. तिच्या नावाचा अर्थच पांढरी-निळी असा आहे.

ज्यांच्याकडे घरात माशांची काचपेटी आहे त्यांनी या घराण्यातली एक जात कदाचित विकतही आणली असेल. ग्रामिनिफोलिया या नावानं गवतासारखी दाट हिरवळ म्हणून मिळते ती युट्रिक्युलॅरियाच. दुकानदार तिला काचपेटीच्या तळाशी लावायला सांगतात. तिच्या धाग्यांनाही हेच सापळे असतात.

फोटो असा काढा की ओळख पटेल

एका झाडाचे निदान चार फोटो हवेत. एक समोरून, ओठ आणि घसा दिसेल असा. एक बरोबर बाजूनं, शुंडिकेची लांबी आणि वळण दिसेल असा, आणि चारांतला एकच निवडायचा झाला तर हा निवडा. एक देठाच्या बुडाचा, छद दिसेल असा. एक पूर्ण दांड्याचा, जमिनीपासून टोकापर्यंत, म्हणजे तो सरळ आहे की वेढे घेतो ते कळेल. शेजारी एक रुपयाचं नाणं धरा म्हणजे आकार कळतो. फुलाला बोट लावून मान वळवू नका. देठ इतका नाजूक असतो की तेवढ्यानं फूल तुटतं. फूल वळवण्याऐवजी आपणच फिरायचं. जागा सरकारी वनक्षेत्र किंवा संरक्षित पठार असेल तर ठरवून दिलेल्या पायवाटेवर राहूनच हे करा. पायवाटेच्या कडेलाही ही फुलं पुरेशी असतात, आणि एका बुटाखाली किती झाडं जातात हे ज्यानं पोटावर झोपून बघितलंय तो पायवाट सोडत नाही.

मोबाइलमधली ओळख सांगणारी अॅप्स आडनाव बऱ्याचदा बरोबर सांगतात. जात सांगताना मात्र रंगावरून अंदाज बांधतात, म्हणून तिथे आपल्या बाजूच्या फोटोवर जास्त भरवसा ठेवा.

आणि एकदा ऑक्टोबरच्या शेवटी त्याच पठारावर परत जा. गालिचा संपलेला असतो, गर्दी गेलेली असते, गवत पिवळं पडत आलेलं असतं. बघितल्यासारखं काही उरलं नाही असं वाटेल. तेव्हा पुन्हा गुडघे टेका. सुकत चाललेल्या तारेसारख्या दांड्यांवर टाचणीच्या डोक्याएवढी बोंडं असतील आणि प्रत्येक बोंडाला दोन बाजूंनी धरून बसलेली ती दोन निदलं, शिंपल्यासारखी. फूल नाही, रंग नाही, नळी नाही. तरीही आता ती कोण आहेत हे तुम्हाला सांगता येतं. काही बोंडं उकलून रिकामी झालेली असतात, त्यांचं धुळीसारखं बी खालच्या भेगांमधल्या मातीत जाऊन पडलेलं असतं.